पडदा हवाय ना? मग मोरपंखी लाव

अगं, शेजारच्या नव्या इमारतीच्या खिडक्या थेट तुझ्या अंगणात उघडतात म्हणालीस, तेव्हाच तुझी घालमेल कळली मला. न्हाऊन केस वाळवत बसायचं म्हटलं, तरी बाईला आडोसा लागतो. झाडांचाच आडोसा कर, पण झाड निवडताना बडोद्याचा मे महिना डोळ्यांसमोर ठेव.

थंडीत नर्सरीत ते लिंबाच्या वासाचं, पिवळसर गोल्डन सायप्रस फार गोड दिसतं. मोहात पडू नकोस. ते मूळचं कॅलिफोर्नियाच्या गार, धुकट किनाऱ्यावरचं. इथे पारा ४२ वर गेला की करपायला लागतं. कोणी कोनोकार्पस सुचवला, तर सरळ नाही म्हण. भराभर वाढतो खरा, पण मुळं गटारांत, पाइपांत शिरतात, परागांचा दमेकऱ्यांना त्रास होतो. म्हणूनच २०२३ मध्ये गुजरात सरकारने तो लावायला बंदी घातली.

तू मोरपंखी लाव. शाळेत वहीत ‘विद्या’ म्हणून जपायचो ना, तीच. उन्हाला चिवट, बारा महिने हिरवी, आणि उभट जात घेतलीस तर जागाही फार अडवत नाही. तिला खरं भय साचलेल्या पाण्याचं. आपली काळी माती पावसाळ्यात चिकटून बसते आणि मुळं कुजतात. म्हणून कुंपणालगत फूटभर उंच वरंबा करून घे, त्यात वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळ, अडीच-तीन फुटांवर एकेक रोप लाव. ऊन मात्र भरपूर हवं, सावलीत ती विरळ होते.

छाटणीच्या वेळी माळ्याजवळ स्वतः उभी राहा. फक्त हिरवे शेंडे कापायचे. आतल्या तपकिरी, जुन्या फांदीपर्यंत कात्री गेली, तर तिथे पुन्हा फुटवा येत नाही आणि भोक कायमचं राहतं. उन्हाळ्यात धूळ बसली की कोळी पडतो; अधूनमधून सकाळी पाइपाने झाडं धुवून काढ.

कुंपणाच्या सावलीच्या कोपऱ्यात सरळसोट आसोपालव चालेल, तोरणाला पानंही घरचीच होतील.

पाऊस नीट लागला की लावून टाक. रोपं तीन-चार फुटांचीच घे, कारण मोरपंखी सावकाश वाढते. तोवर बांबू रोवून हिरवं शेडनेट बांध, पण रोपांपासून हातभर लांब, त्यांचं ऊन अडणार नाही अशा बाजूला.