आधी ग्रंथी शोध, मग गाठ काढ

चि. सायली,

खालच्या ओठावरची निळसर, मऊ, फुटून पुन्हा भरणारी गाठ आता तू पाहताक्षणी ओळखशील. ओठ चावला जातो, बारीक लाळग्रंथीची नलिका तुटते आणि लाळ आसपास झिरपून साठते. म्युकोसील बहुधा असंच होतं. काळजी वाटते ती वेगळीच. तोंडातल्या प्रत्येक निळसर गाठीला हेच नाव देऊन तू मोकळी होशील की काय! रंगावरून आत काही साठलंय एवढंच कळतं. ते कुठल्या ग्रंथीचं, याचा पहिला धागा जागेवरून मिळतो, आणि उपचार ग्रंथीवर ठरतो. वरच्या ओठात म्युकोसील क्वचितच होतं. तिथली टणक, सरकणारी गोळी लाळग्रंथीचा ट्यूमर असण्याची शक्यता आधी धर. टाळूच्या मागच्या भागात किंवा खालच्या अक्कलदाढेमागे मऊ फुगवटा दिसला, तर सुरी खाली ठेव. तिथला म्युकोएपिडरमॉइड कार्सिनोमा दुखत नाही, हळूहळू वाढतो आणि हुबेहूब म्युकोसीलसारखा दिसू शकतो. सुई घालून चिकट द्रव आला म्हणून निश्चिंत होऊ नकोस, कारण त्या कॅन्सरमधूनही तसाच द्रव येतो. अशा गाठीची आधी छोटी बायोप्सी, मग पुढचं सगळं.

ग्रंथी राहिली की गाठ परत येते, हे रॅन्युलाइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही. सबलिंग्वल ग्रंथी जेवणाची वाट न बघता सतत स्रवते, म्हणून जिभेखालचा हा फुगा, म्हणजे रॅन्युला, नुसता फोडला तर तो पुन्हा भरतो. कधी ही लाळ मायलोहायॉइड स्नायूतल्या फटीतून मानेत उतरते. तोंडात काही दिसतही नाही आणि जबड्याखाली मऊ सूज येते. एमआरआयमध्ये त्या सुजेची निमुळती शेपटी सबलिंग्वल ग्रंथीकडे गेलेली दिसली, तर निदान जवळजवळ पक्कं. मानेतल्या त्या पिशवीला पेशींचं अस्तरच नसतं. मग ती सोलून काय मिळणार? तोंडातून ग्रंथी काढायची आणि साठलेली लाळ वाहू द्यायची. जिभेच्या शेंड्याखालच्या गाठीलाही हाच न्याय: पिशवीखाली भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या ग्रंथिका दिसतात, त्या स्नायूपर्यंत काढ.

साध्या गाठीसाठी अख्खी ग्रंथी काढायची, शिवाय लिंग्वल नर्व्ह आणि व्हार्टनची नलिका धोक्यात घालायची, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच तान्ह्या बाळाच्या रॅन्युलासाठी, गिळायला किंवा श्वासाला अडथळा नसेल, तर काही महिने थांबता येतं. लहान, वरवरच्या रॅन्युलाचं नुसतं तोंड उघडून कडा शिवणंही चालतं, मात्र तो परत येऊ शकतो हे आईवडिलांना आधी सांग. मानेत उतरलेल्याला ही सवलत नाही. तो मॅक्झिलोफेशियल सर्जनकडे पाठव. दुसरा आक्षेप खर्चाचा: एवढ्याशा गाठीला लॅब कशाला? फेकून दिलेली गाठ पुन्हा तपासता येत नाही, आणि नंतर तिथेच ट्यूमर निघाला तर पहिल्या वेळी कडा स्वच्छ होत्या का, हे कुणालाच सांगता येत नाही. पेशंटचा खरा खर्च तिथे सुरू होतो. तेव्हा काढलेली प्रत्येक गाठ फॉर्मॅलिनमध्ये घालून पाठव, आणि फॉर्मवर नुसतं ‘तोंडातली गाठ’ न लिहिता नेमकी जागा, बाजू आणि ती किती दिवसांची हे लिहीत जा.

तुझा,
मामा