फुफ्फुसावरील ठिपका : थांबावे की तपासावे?

छातीच्या सी.टी. स्कॅनच्या अहवालात ‘फुफ्फुसावर ठिपका’ हे शब्द दिसताच घरात कर्करोगाची धास्ती पसरते. वस्तुतः असे बहुसंख्य लहान ठिपके निरुपद्रवी असतात. आपल्या देशात तर बऱ्या झालेल्या क्षयाचे व्रणही ठिपक्यांच्या रूपाने वर्षानुवर्षे राहतात.

म्हणून प्रथम जुना स्कॅन किंवा क्ष-किरण चित्र शोधावे. (पावसाळ्यात ते चिकटून गेलेले नसले म्हणजे झाले!) दोन वर्षांत आकार न बदललेला घन ठिपका सामान्यतः धोक्याचा नसतो.

फ्लाइश्नर सोसायटीच्या २०१७ च्या सूचनांनुसार, पस्तिशीपुढील व्यक्तीत एकच घन ठिपका ६ मिलिमीटरहून लहान असेल आणि धूम्रपानासारखे कारण नसेल, तर पुन्हा स्कॅन सहसा लागत नाही. ६ ते ८ मिलिमीटर असल्यास ६ ते १२ महिन्यांनी स्कॅन करावा. त्याहून मोठा असल्यास तीन महिन्यांनी स्कॅन, पेट स्कॅन किंवा सुईने तुकडा काढून तपासणी, यांचा विचार डॉक्टर करतात.

खरी अडचण येथेच आहे. पेट स्कॅनमध्ये क्षयाची गाठही कर्करोगासारखी उजळते; सुईमुळे फुफ्फुसाभोवती हवा शिरण्याचा संभव असतो. उलटपक्षी, केवळ छायेवरून क्षयाची औषधे सुरू करून महिने दवडल्यास कर्करोग तसाच वाढत राहतो. तेव्हा शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य होणारी थुंकीची तपासणी आधी करवून घेणे इष्ट. ज्यांना पूर्वी कर्करोग झालेला आहे, त्यांना मात्र वरील मोजमापे लागू नाहीत.