एक तरी हक्काचं माणूस

सहावी-सातवीतलं मूल घरात असलं की आपण आवाज खाली आणून भांडतो आणि त्याला काही कळलं नाही असं समजतो. पण आपला आवाज उतरला की पलीकडच्या खोलीतल्या टीव्हीचाही उतरतो. हप्ता थकलाय, बाबांच्या नोकरीचं काही खरं नाही, हे त्याला ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते एवढंच, की यात आपली काही चूक आहे का. ते तो विचारत नाही. सोमवारी सकाळी त्याचं पोट दुखतं.

मग आपण म्हणतो, ‘हल्ली फार नाटकं करायला लागलाय.’ सगळं खापर त्याच्या स्वभावावर! मूल कोणत्या हवेत वाढतंय, तिकडे लक्षच जात नाही.

या हवेचा माग एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या संशोधकांनी हवाईतल्या काउआई बेटावर घेतला. 1955 साली तिथे जन्मलेल्या 698 मुलांवर त्यांनी अनेक दशकं नजर ठेवली. बेटावर उसाचे आणि अननसाचे मळे, आणि कितीतरी मुलांचे आईबाप त्यांत राबणारे. साधारण एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला यातलं बरंच काही एकदम आलं होतं: गरिबी, जन्माच्या वेळची गुंतागुंत, घरातली भांडणं, दारू, आईवडिलांचं मानसिक आजारपण. त्यातली दोन तृतीयांश अठराव्या वर्षापर्यंत कुठे ना कुठे अडखळली. अभ्यासात, वागण्यात, मनाने. ‘आम्ही नाही का मार खाऊन मोठे झालो?’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये.

पण त्यातलीच उरलेली 72 मुलं धडधाकट मनाची निघाली. त्यांच्यात जे आढळलं ते अगदी साधं होतं. प्रत्येकाला लहानपणी निदान एक माणूस असं मिळालं होतं, ज्याच्यावर भरवसा टाकता येईल. ते आईवडीलच असतील असं नाही. कुणाची आजी, कुणाची मोठी बहीण, पुढे कुणाच्या शाळेतल्या बाई. म्हणून तुमची लेक मनातलं तुमच्याआधी मावशीला सांगत असेल, तर रुसू नका. मावशीकडून ते काढूनही घेऊ नका. एकदा चहाडी झाली की ते दार बंद होतं.

दुसरी गोष्ट कामाची. त्या 72 मुलांपैकी बऱ्याच जणांवर घरातली एखादी खरी जबाबदारी होती. आपण मात्र परीक्षा आली की पाण्याचा ग्लाससुद्धा हातात देतो. आजोबांच्या गोळ्या वेळेवर देणं, दळण आणणं, असं एक तरी काम त्याच्यावाचून अडेल असं असावं. अर्थात आईबाप ऊसतोडीला गेल्यावर धाकट्यांना सांभाळत गावी राहणाऱ्या बारा वर्षांच्या पोरीला हे सांगायची सोय नाही. तिच्या पाठीवरचं ओझं उतरवणारंच कुणीतरी हवं.

आणखी एक, मला सगळ्यात धीर देणारं. काउआईतली अडखळलेली मुलंही तिशी-चाळिशीत पुन्हा तपासली गेली, तेव्हा बरीचशी सावरलेली होती. कुणी पुन्हा शिकलं, कुणाला चांगला जोडीदार मिळाला. तेव्हा तेराव्या वर्षी ‘हा वाया गेला’ असं बोलून मोकळं होऊ नये.

घरच्या घरी निभावेल अशी वाट किती बघायची? झोप, भूक, खेळ, मित्र यांत दोन आठवडे फरक दिसत राहिला, तर डॉक्टरांकडे जा. मरणाची भाषा कानावर आली, किंवा मूल स्वतःला इजा करतंय असं दिसलं, तर एक दिवसही थांबू नका. ‘मरावंसं वाटतं का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. मूल बोलायला तयार नसेल, तर आधी तुम्ही फोन लावा.