विचर्चिका : प्राथमिक चिकित्सेतील औषधयोजना

त्वचेची तक्रार घेऊन येणारा रुग्ण आमच्याकडे पोहोचतो तेव्हा त्याने बहुधा औषधी दुकानातून आणलेले एखादे मलम काही आठवडे लावलेले असते. म्हणून विचर्चिकेच्या (डर्मेटायटिसच्या) चिकित्सेत ‘कोणते औषध द्यावे’ या प्रश्नाआधी ‘आजवर काय लावले’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे, असे आम्हांस वाटते. रुग्णास मलमाची नळी सोबत आणावयास सांगावे व तीवरील घटक स्वतः वाचावेत.

निदान

चरकाचार्यांनी विचर्चिकेची गणना क्षुद्रकुष्ठांत केली असून कंडू, श्याव पिडका व बहुस्राव ही लक्षणे दिली आहेत. सुश्रुतसंहितेत रूक्षता व वेदना यांचा उल्लेख येतो. व्यवहारात स्रावी व रूक्ष अशा दोन अवस्था मानल्यास औषधयोजना सुकर होते.

दद्रूचा (नायट्याचा) व्यवच्छेद प्रथम करावा. दद्रूच्या मंडलाची कड उठावदार असते. स्टिरॉइडयुक्त मलमाने ही कड पुसट होते, कंडू शमतो, बुरशी मात्र पसरत राहते. शंका असल्यास खवल्यांची पोटॅशियम हायड्रॉक्साइडद्वारे सूक्ष्मदर्शक तपासणी करवून घ्यावी.

निदानपरिवर्जन

शेतकऱ्याच्या चेहरा, मान व कोपराच्या खोबणीत विकार असल्यास गाजरगवताचा संपर्क विचारावा. गवंड्याच्या हातापायांवर सिमेंटमधील क्रोमियम, तर कानाच्या पाळीवर व मनगटावर खोट्या दागिन्यांतील निकेल कारणीभूत असू शकते. हेतू कायम राहिल्यास उत्तम कल्पही निष्फळ ठरतो.

औषधयोजना

१. स्रावी अवस्था : त्रिफळा किंवा पंचवल्कलाच्या थंड क्वाथाचा परिषेक करावा. मरिच्यादि तैलासारखी तीक्ष्ण तैले या अवस्थेत वर्ज्य समजावीत; त्यांनी दाह व स्राव वाढतो. पोटात महामंजिष्ठादि क्वाथ द्यावा.

२. रूक्ष अवस्था : स्नानानंतर त्वचा ओलसर असतानाच शतधौत घृत किंवा खोबरेल लावावे. पंचतिक्त घृत अग्निबल पाहून द्यावे. बलवान रुग्णात विरेचनाचा विचार करावा.

३. रसकल्प : आरोग्यवर्धिनी, रसमाणिक्य इत्यादी कल्प गर्भिणी, बालक व वृक्कविकारी यांस देऊ नयेत. इतरांतही मात्रा व कालमर्यादा लिहून द्यावी.

स्टिरॉइड मलमाविषयी

दीर्घकाळ लावलेले तीव्र मलम एकाएकी थांबविल्यास विकार उफाळतो व रुग्ण आयुर्वेदीय औषधास दोष देतो. अशा रुग्णात त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने ते क्रमाने कमी करावे. क्लोबेटासॉलसारखे अतितीव्र मलम सलग दोन आठवड्यांहून अधिक वापरू नये, तसेच चेहरा व जांघेत टाळावे, हा संकेत सर्वमान्य आहे.

औषधी दुकानदार बंधूंना विनंती

२०१८ साली केंद्र शासनाने अनेक स्टिरॉइड मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये आणली. चिठ्ठीविना ‘खाजेचे मलम’ देणे हा केवळ नियमभंग नव्हे. त्यातून साधा नायटा दुश्चिकित्स्य होतो. ‘वनौषधी’ म्हणून येणारे, पण घटक व परवाना क्रमांक न छापलेले मलमही ठेवू नये. दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या अशा मलमात छुपे स्टिरॉइड असण्याचा संभव असतो.

ज्वर, पूय, सर्वांगावर पसरलेली लाली किंवा वेदनायुक्त फोड दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. या रोगात वेळेवर पाठविणे हाही चिकित्सेचाच भाग होय.