संगणकाला हिशेब सांगण्याची भाषा : प्रोग्रॅमिंगचा पहिला धडा

दुकानाचे बिल, मालाचा साठा, कारागिरांची मजुरी ही कामे आता संगणकावर होतात. प्रोग्रॅम दुसरा कोणी लिहून देतो आणि आपण फक्त बटणे दाबतो. पण हिशेब आपला आणि नफा-तोटाही आपलाच. म्हणून आतले काम कसे चालते, याची तोंडओळख आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना असावी, असे आम्हांस वाटते.

प्रोग्रॅम म्हणजे संगणकाला क्रमाने दिलेल्या सूचना. पायरीपायरीने उत्तर काढण्याच्या रीतीस 'अल्गोरिदम' म्हणतात. नवव्या शतकात बगदादमध्ये काम केलेले गणिती अल्-ख्वारिज्मी यांच्या नावावरून हा शब्द आला. त्यांच्या बीजगणिताच्या ग्रंथात वारसाहक्काच्या वाटण्यांची गणितेही आहेत. तेव्हा ही विद्या व्यवहाराला परकी नाही.

शिलाईच्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. एका कारागिराने ६० नग शिवले. हा आकडा ज्या नावाच्या खणात ठेवला, तो 'व्हेरिएबल'. '५० पेक्षा जास्त नग असतील तर जादा मजुरी द्या' ही 'कंडिशन'. तोच हिशेब एकामागून एक सर्व कारागिरांसाठी करणे म्हणजे 'लूप'. मजुरी काढण्याची रीत एकदा लिहून, तिला नाव देऊन हवी तेव्हा वापरणे म्हणजे 'फंक्शन'. या चार गोष्टी बहुतेक सर्व भाषांत सापडतात.

भाषा मात्र अनेक आहेत. कोबोल ही व्यापारी हिशेबासाठीच बनली. 'सी' ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास तयार केली. तिचा मजकूर 'कम्पायलर' आधी पूर्ण उलगडून यंत्राच्या भाषेत आणतो. १९९१ मध्ये आलेली पायथन 'इंटरप्रिटर'कडून चालते. ती शिकण्यास सोपी आणि विनामूल्य आहे.

भाषा बदलली की उत्तरही बदलू शकते. ७ भागिले २ असे पूर्णांक दिले तर 'सी' ३ सांगते, आजची पायथन ३.५ सांगते. सात मीटर कापड दोघांत वाटताना एक मीटर कोठे गेले, हे मग शोधत बसावे लागते!

दुसरा धोका पैशांचा. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवल्यास ०.३०००००००००००००००४ येते. संगणक दशांश अपूर्णांक दोनच्या पटीत साठवतो आणि एक दशांश त्यात नेमका बसत नाही. यावर साधा उपाय म्हणजे रक्कम पैशांत, पूर्ण आकड्यांत ठेवणे. साडेबारा रुपये म्हणजे १२५० पैसे.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये बनवलेले 'गिट' हे साधनही माहीत असावे. प्रोग्रॅममध्ये कोणी, केव्हा, काय बदलले याची ती रोजकीर्दच होय.

प्रोग्रॅम करून घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. मूळ मजकूर, म्हणजे 'सोर्स कोड', आपल्याला मिळणार का, हे आधी लेखी ठरवावे. रकमा कशा साठवल्या आहेत ते विचारावे. आणि महिनाभर हाताची वही सोबत चालू ठेवून दोन्ही बेरजा ताडून पाहाव्यात. बेरीज जुळली, तरच वही मिटावी.