पंगत, खानावळ, काउंटर

जेवण हा काही अभ्यासाचा विषय आहे का, असे मला दोघा-तिघा मित्रांनी विचारले. समाजशास्त्राच्या पुस्तकात जातिसंस्थेचे प्रकरण उघडले की रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार हे दोन शब्द सुरुवातीलाच भेटतात. डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली जातीची जी सहा लक्षणे सांगितली, त्यांत कोणी कोणाच्या हातचे खावे यावरील निर्बंध हे एक आहे. घुर्ये यांचा जन्म मालवणचा, आणि मालवण १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होते. तेव्हा हे लक्षण त्यांना पुस्तकात शोधावे लागले नसणार. बेटीव्यवहारावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. रोटीव्यवहाराबद्दल मात्र ‘शहरांतून हे बंधन आता शिथिल झाले आहे’ एवढे एक वाक्य लिहून पुढच्या मुद्द्याकडे वळतात. ते शिथिल झाले कसे, आणि कोणत्या जागी, हा माझ्या या लेखाचा विषय आहे. त्यासाठी एस. टी. स्टँडजवळच्या एका हॉटेलात मी काही दिवस दुपारी जेवलो आणि जेवता जेवता पाहत राहिलो. हॉटेलाचे नाव देत नाही. त्याच्यासारखी हॉटेले प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत.

तेथील पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. भिंतीवर दरांचा फलक असतो. तो वाचायचा, गल्ल्यावर पैसे द्यायचे, कुपन घ्यायचे आणि ते भटारखान्याच्या खिडकीत द्यायचे. आतून आरोळी येते, ‘दोन राइस प्लेट, एक बांगडा!’ मग नंबर पुकारला जातो. ताट आपणच उचलायचे आणि जागा मिळेल तेथे बसायचे. मासेमारी बंद असते त्या दिवसांत फलकावरच्या सुरमईवर खडूची रेघ ओढलेली असते, एवढाच काय तो ऋतूचा फरक. राइस प्लेटमध्ये चपात्या, एक सुकी भाजी, एक उसळ, आमटी, भात, पापड, लोणचे. सोलकढीचे पैसे वेगळे. कोर्टाच्या कामाला आलेला खेडूत, बँकेतील कारकून, कंडक्टर, मिरकरवाड्याकडून आलेला मासेविक्रेता आणि आमच्यासारखी डबा न आणणारी मुले एकाच टेबलावर बसतात. ‘बसू का?’ एवढेच विचारायचे. तेही पुष्कळजण विचारीत नाहीत.

या साध्या व्यवहारात न विचारल्या जाणाऱ्या गोष्टी मला अधिक महत्त्वाच्या वाटल्या. तुम्ही कोणाचे, कोणत्या वाडीतले, आडनाव काय, यांतले काहीही विचारले जात नाही. माणसाचा अडतीस नंबर होतो. ‘माणसाचा नंबर झाला’ अशी आधुनिक जीवनाविषयीची तक्रार आपण वाङ्मयात नेहमी वाचतो. ज्यांना नावामुळे सोसावे लागले नाही, त्यांचीच ही तक्रार असावी, असे मला वाटते.

पंगतीत नंबर नसे, परंतु क्रम असे. गावातील लग्नात कोणाची पंगत केव्हा बसायची, कोठे बसायची, हे कोणी मोठ्याने सांगत नसे आणि तरी प्रत्येकाला ठाऊक असे. मी बौद्धवाडीतला आहे. माझे आजोबा सांगतात की त्यांच्या लहानपणी आमच्या माणसांना मांडवाबाहेर, सर्वांचे झाल्यावर, घरून नेलेल्या भांड्यांत वाढीत. बाजाराच्या गावी चहाच्या दुकानात आमच्यासाठी नारळाची करवंटी वेगळी ठेवलेली असे. चहा प्यायचा, करवंटी आपणच धुवायची आणि पालथी घालून ठेवायची. पैसे मात्र इतरांइतकेच. आजोबांना त्याचा संताप आजही येतो, पण ते सांगताना हसतात ते या शेवटच्या गोष्टीला. ‘पैशाला विटाळ नव्हता, बाबू,’ असे ते म्हणतात.

एका कपभर चहाने किती गोंधळ होत असे, हे पुण्याच्या पंच हौद मिशनच्या प्रकरणावरून कळते. १८९० साली तेथे एका कार्यक्रमाला न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळी गेली होती. पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावेच छापून टाकली आणि मग ग्रामण्य उभे राहिले, शंकराचार्यांपर्यंत फिर्याद गेली, प्रायश्चित्ताच्या वाटाघाटी झाल्या. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले. टिळक रत्नागिरीत जन्मलेले असल्यामुळे हे प्रकरण आपल्याला परके वाटू नये. येथे लक्षात घेण्याची गोष्ट ही, की चहा पिणे हा गुन्हा ठरला तो नावे छापल्यावर. नावाशिवाय ग्रामण्य चालत नाही.

यापेक्षा मोठे धैर्य कोल्हापुरात दिसते. गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या नोकरीत होते. पाण्याला शिवल्यावरून त्यांना मारहाण झाली. पुढे त्यांनी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने शहरात चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हॉटेलात गिऱ्हाईक कोण येणार? महाराज स्वतः गाडी थांबवून तेथील चहा घेत आणि बरोबरच्या उच्चवर्णीयांनाही घ्यावयास लावीत. ही कथा महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. पण ती नेहमी महाराजांची म्हणून सांगितली जाते. माझे लक्ष मात्र गल्ल्यावर बसलेल्या गंगारामकडे जाते. येथे अस्पृश्य माणूस दुसऱ्याच्या पंगतीत घेतला गेलेला नाही. दुकान त्याचे आहे आणि इतर लोक त्याचे गिऱ्हाईक आहेत. रोटीव्यवहाराच्या इतिहासात हा निराळाच प्रकार आहे.

महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर जो हल्ला झाला, तो मंडपात लोक जेवत असताना झाला आणि अन्न मातीत मिसळले गेले. आपल्याकडे पाण्याची आठवण ठेवली जाते. त्या दिवशीचे जेवणही विसरू नये, असे वाटते. डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात आहे.

आता खुद्द रत्नागिरी. सावरकर येथे १९२४ ते १९३७ स्थानबद्ध होते. भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले पतितपावन मंदिर १९३१ साली सर्व हिंदूंना खुले झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९३३ मध्ये, सावरकरांनी येथे अखिल हिंदू उपाहारगृह सुरू केले. तेथे कोणत्याही जातीच्या हिंदूने बसावे आणि पूर्वास्पृश्याच्या हातचे घ्यावे, अशी योजना होती. मंदिराचा इतिहास आपल्याला शाळेतच सांगतात, उपाहारगृहाचा क्वचितच. मला वाटते, मंदिरापेक्षा उपाहारगृहाची कसोटी अधिक कठीण होती. देवळात माणूस वर्षातून चार वेळा जातो आणि तेथे शेजाऱ्याकडे पाहण्याचे कारण नसते. उपाहारगृहात समोरच्याने आणून ठेवलेली बशी उचलून तोंडाला लावावी लागते.

पण या उपाहारगृहाच्या नावातच एक मर्यादा होती. ‘अखिल’ या शब्दापुढे ‘हिंदू’ हा शब्द होता. ज्या रत्नागिरीत राजिवडा आणि मिरकरवाडा आहे, जेथे मुसलमान दालदी पिढ्यान् पिढ्या मासे आणतात, त्या रत्नागिरीतील हे उपाहारगृह होते. हे मी त्या प्रयोगाला कमीपणा देण्यासाठी लिहीत नाही. १९३३ साली एवढे करणेही सोपे नव्हते. परंतु आज स्टँडजवळच्या हॉटेलात माझ्या समोर बसलेल्या मासेविक्रेत्याला त्या पाटीखाली बसता आले नसते, ही गोष्ट अभ्यासकाने लिहून ठेवली पाहिजे.

खानावळीविषयी थोडक्यात सांगतो. मुंबईच्या गिरणगावात गेलेला आपला चाकरमानी खानावळीत जेवला. तेथे बाई घरच्यासारखे वाढीत आणि महिन्याचा हिशेब असे. पण हिशेबाची वही असल्यामुळे तेथे नाव लागे, आणि पुष्कळदा खानावळ आपल्या गावाची, आपल्या जातीची पाहूनच निवडली जाई. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळात संघटना बांधली, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. माया खानावळीत अधिक होती, यात शंका नाही. मोकळेपणा मात्र कुपनात अधिक आहे.

कायद्याने हा प्रश्न २६ जानेवारी १९५० रोजीच सुटला. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नामनिर्देश आहे. घटनाकारांनी ‘हॉटेल’ हा शब्द मूलभूत हक्कांत घातला, याचे मला प्रथम वाचताना आश्चर्य वाटले होते. नंतर करवंटी आठवली. पुढे १९५५ चा अस्पृश्यताविरोधी कायदा आला आणि १९७६ मध्ये तो अधिक कडक होऊन नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला. तरी खेड्यातील वेगळी कपबशी कायद्याच्या तारखेला फुटली नाही. माझे निरीक्षण असे की ती फोडण्यात कुपनाचा, स्टीलच्या ताटांचा आणि गर्दीचाही वाटा आहे. शंभर ताटे एका टबात पडतात. कोणते ताट कोणाचे, हे धुणाऱ्या बाईलाही सांगता येणार नाही. मालकाला वेगळे ताट ठेवायचे म्हटले तरी एक वाजताच्या गर्दीत ते परवडणार नाही.

‘कृपया आपले ताट आपण उचलावे’ ही पाटी अनेकांना उद्धट वाटते. आमच्या वर्गातील एका मुलाने तीवरून तक्रार केली, की पैसे देऊनही खरकटे आपणच का काढायचे? माझ्या दृष्टीने त्या हॉटेलातील ही सर्वांत महत्त्वाची पाटी आहे. खरकटे काढणे हे नेहमी दुसऱ्या कोणाचे तरी काम होते. घरात ते बाईचे आणि गावात ज्याच्या त्याच्या जातीप्रमाणे. कोटातील वकीलसाहेब आपले खरकटे ताट हातात घेऊन टबाकडे जातात आणि त्यांच्या मागे मी माझे ताट घेऊन उभा असतो, असे मी पाहिले आहे.

परंतु हे सर्व खिडकीच्या अलीकडे घडते. पलीकडे काय आहे, तेही मी पाहिले. चपात्या लाटणाऱ्या आणि भांडी धुणाऱ्या बायकाच आहेत, गल्ल्यावर मात्र एकही नाही. त्या सर्वांचे जेवण झाल्यावर, तीन वाजता, मागच्या पडवीत जेवतात. वाढपी पोरे नेपाळकडची आहेत, त्यांचे जेवण त्याहून उशिरा. म्हणजे पंगतीचा क्रम खिडकीच्या आत शिल्लक आहे. फरक इतकाच, की तो जातीने लावलेला नसून नोकरीने लावलेला आहे. नोकरी कोणाला कोणती मिळते, हा पुन्हा पहिलाच प्रश्न झाला.

सरकारी जेवणाचा उल्लेख केल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. १९९५ नंतर १ रुपयात झुणका-भाकर आली. २६ जानेवारी २०२० पासून १० रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली, तीत दोन चपात्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण आणि भाताची मूद होती. भुकेच्या माणसाला ही मोठी सोय झाली. मात्र तेथे जेवणाऱ्याचा फोटो मोबाइलवर काढून घेत. गैरव्यवहार टाळण्यासाठी ते आवश्यक असेल. तरी स्वस्त जेवणाऱ्याला तोंड दाखवावे लागते आणि पूर्ण पैसे देणाऱ्याला लागत नाही, हा भेद राहतोच.

आणि आता पूर्ण पैसे देणाऱ्याचीही गोष्ट थोडी बदलली आहे. गल्ल्यावर चौकोनी ठिपक्यांचा कागद लावलेला असतो. मोबाइल त्याच्यासमोर धरला की पैसे जातात आणि छोटा भोंगा रक्कम सांगतो. सुट्ट्या पैशांची कटकट मिटली. पण नोटेवर माझे नाव नव्हते. या व्यवहारात मालकाच्या मोबाइलवर माझे नाव आडनावासह उमटते. कुपनाने पुसलेली गोष्ट पुन्हा लिहिली जाते. गल्ल्यावरच्या माणसाने ते वाचल्याचे मला अजून दिसले नाही, कारण दुपारी एक वाजता त्याला मान वर करायला सवड नसते. चार वाजता, चहाच्या वेळी, गर्दी नसते आणि तो मोबाइल हातात घेऊन बसलेला असतो. त्या वेळचे निरीक्षण मी अद्याप केलेले नाही.