दाढ काढली, तरी ठणका थांबेना?

कान ठणकतो म्हणून आधी कानाचे डॉक्टर, तिथे काही सापडलं नाही म्हणून दाताचे. एक दाढ काढून झाली, शेजारच्या दाढेचं रूट कॅनाल झालं, तरी दुखणं जागच्या जागी. असं झालं असेल, वय पन्नाशीपुढे असेल आणि विडी-सिगारेट जुनी असेल, तर छातीचा एक्स-रे काढून घ्या. दुखतंय तोंड आणि फोटो छातीचा, याला कारण आहे.

व्हेगस नावाची लांब नस मेंदूतून निघून मानेवाटे फुफ्फुसांपर्यंत उतरते. तिची एक बारीक फांदी कानाला जाते. कानात काडी घातल्यावर काहींना खोकल्याची ढास लागते, ती हिच्यामुळेच. फुफ्फुसातली गाठ किंवा तिथल्या सुजलेल्या लसिका ग्रंथी या नसेवर दाबू लागल्या की मेंदू फसतो. आजार छातीत आणि ठणका कानात, जबड्यात, कानशिलात. त्यासाठी कर्करोग चेहऱ्यापर्यंत पसरावा लागत नाही. १९८३ पासून असे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. दुखतं बहुधा एकाच बाजूला, त्यातही जास्त करून उजवीकडे. उजवी व्हेगस श्वासनलिकेला खेटून जाते ना!

लगेच धास्ती घेऊ नका. चेहऱ्याच्या दुखण्यामागे बहुतेक वेळा दात, सायनस किंवा जबड्याचा सांधाच असतो. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया या चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यात कळ विजेच्या झटक्यासारखी येते, दात घासताना किंवा दाढी करताना उठते आणि काही सेकंदांत जाते. फुफ्फुसामुळे उठणारा ठणका मात्र रात्रंदिवस असतो आणि वाढत जातो.

फुफ्फुसाच्या आजाराची एक खूण घरीच पाहा. दोन्ही तर्जनींची नखं पाठीला पाठ लावून धरा. नखांच्या मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची छोटी फट दिसायला हवी. ती बुजली असेल, वजन उतरलं असेल, खोकला हटत नसेल किंवा आवाज बसला असेल, तर थांबू नका. रक्ताचा ईएसआर वाढलेला असेल तर शंका आणखी बळावते. साधा एक्स-रे स्वच्छ आला तरी लहान गाठ निसटू शकते. मग सीटी स्कॅन करावा. आणि एक्स-रेत डाग दिसला म्हणून थुंकी न तपासता टीबीच्या गोळ्या सुरू करू नयेत.

गाठ काढल्यावर किंवा रेडिएशननंतर हा ठणका बऱ्याचदा थांबतो.

दाताच्या डॉक्टरांना कुणी विड्यांचा हिशेब सांगत नाही. त्यांनी विचारलं नाही, तरी तुम्ही सांगा.